तेल न लागलेली हातभर जागा

इंजिनीअरबाईंनी लाल खडूनं छपराच्या पोटावर एक गोल काढला, आणि खालच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तेवढं सोडून काय खुणा करायच्या त्या करा.”

लाकडी घोडीवर उभ्या असलेल्या बाईंनी वाकून पाहिलं. बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर, आणि बोट वर रोखलेलं.

“तेवढं म्हणजे काय, आजी?”

“ते लाकूड.”

बाईंनी पुन्हा वर पाहिलं. गोलाच्या बरोबर मध्ये, काँक्रीटमध्ये रुतून बसलेला लाकडाचा एक पातळ काळपट पापुद्रा होता. लांबीला हातभर, रुंदीला चार बोटं. बाईंना तो डाग वाटला होता.

“हे तर काढावंच लागेल,” बाई म्हणाल्या.

म्हातारीनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जणू बाईंचं बोलणं तिला नीट वाचायचं होतं. “बघा बुवा,” ती म्हणाली, “माझ्या मुलाला तुम्हीच बोलावलंय कामावर. त्याच्या आईचं एवढं तरी ऐका.”

तेव्हा कुठं बाईंना उलगडा झाला. दुरुस्तीचं सेंट्रिंग ज्या मिस्त्रीकडे दिलं होतं, त्याची ही आई. सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी खालून बांधायचा लाकडी साचा. हे वाचनालय मुळात उभं राहिलं तेव्हा त्याचं सेंट्रिंग याच मिस्त्रीच्या बापानं केलं होतं. आणि साच्याच्या फळ्यांना तेल लावलं होतं ते या बाकावरच्या म्हातारीनं. कामावरचे सगळे तेव्हापासून तिला तेलवालीच म्हणत. पुढं हात थकले, काम सुटलं, नवरा गेला; नाव तेवढं राहिलं.

आता या वाचनालयाचं छप्पर कसलं, ते आधी सांगायला हवं. भिंती आहेत त्या काचेच्या, आणि छपराला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. काँक्रीटचं एकच चौकोनी पान. समोरासमोरचे दोन कोपरे आभाळाकडे उचललेले, उरलेले दोन जमिनीकडे उतरलेले. कुणी रुमाल झटकावा आणि तो झटकता झटकता हवेतच थांबावा, तसं. जाडी म्हणाल तर हाताची चार बोटं. उतरत्या कोपऱ्याची एक कड व्हरांड्यावर इतकी खाली येते की बाकावर उभं राहिलं तर हात पोचतो. छपराला गिलावा नाही की रंग नाही. त्या काळच्या आर्किटेक्ट साहेबांचा तसा हट्टच होता. त्यामुळं ज्या फळ्यांवर काँक्रीट ओतलं, त्या फळ्यांच्या रेषा आणि गाठी पोटावर जशाच्या तशा उमटल्या आहेत. फळ्या गेल्या, ठसे राहिले.

तेलवाली आठवड्यातून दोन-तीनदा तरी या बाकावर येऊन बसे. वर्तमानपत्र घेई, पण पान उलटत नसे. ग्रंथपाल बाहेर येऊन म्हणायचे, “आजी, तुमचं पुस्तक वर दिसतंय. परत करायची तारीख कधीचीच उलटून गेली.”

“दंड लावा मग,” ती म्हणायची. “वसूल करायला वर चढावं लागेल तुम्हाला.”

आणि आसपास कुणी नाहीसं पाहून, गुडघ्याला हाताचा रेटा देत ती बाकावर चढे, पापुद्र्यावरून एकदा बोटं फिरवी आणि उतरे. ग्रंथपाल त्या वेळी नेमके कपाटाकडे तोंड करून उभे असत. भला माणूस.

*

संध्याकाळी मुलगा घरी आला तो हात धुताधुताच बोलू लागला. लहानपणी त्याला बाप फळकूट म्हणायचा, कारण फळ्यांच्या ढिगाआड झोपून हे पोर वाढलं. आता पोटाचा घेर वाढला, कानावरचे केस पांढरे झाले, तरी घरात तो फळकूटच.

“आई, तू आज बाईंना काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं.”

“अगं, मला पहिल्यांदाच असलं काम मिळालंय. नाहीतर रोजचं आहेच, प्लायवुडच्या पेट्या, सरळसोट खांब. आणि तू पहिल्याच दिवशी इंजिनीअरशी वाद घालतेस.”

“वाद कसला? एक लाकूड ठेवा म्हटलं. घर मागितलं का त्यांचं?”

सून आतून म्हणाली, “मागितलं असतं तर बरं होतं. आपलं गळतंय.”

फळकूट हसला. आईच्या समोर पाट ओढून बसला. “बाबांचं आहे म्हणून, ना?”

तेलवालीनं मान हलवली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, “तुझ्या बाबांनी आयुष्यभर जे बांधलं ते खोलण्यासाठी. गवंड्याची भिंत राहते, लोहाराचा दरवाजा राहतो. सेंट्रिंगवाल्याचं काय राहतं? छप्पर उभं राहिलं की याची मुळी गरज संपली. त्या वाचनालयाच्या फळ्या पुढच्या तीन कामांवर गेल्या, चिरल्या, तुटल्या, शेवटी चुलीत गेल्या. मीच घातल्या. एवढा एक पापुद्रा तेवढा कुणाच्या हाती लागला नाही.”

“आणि तो माझ्यामुळं,” फळकूट म्हणाला. ही गोष्ट त्याला पाठ होती. पण आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याचं भागत नसे.

“तुझ्यामुळं म्हणजे काय, तुझ्या गळ्यामुळं. केवढा तो गळा. मी फळ्यांवर बसून तेल लावत होते. शेवटची फळी, तिचीही हातभर जागा उरलेली. खालून हाक आली, ‘अगं ए, खाली ये, पोरगं रडतंय.’ आले खाली, तुला घेतलं, पाजलं. तू झोपलास. वर जाऊन बघते तर सळईवाल्यांनी जाळी अंथरून टाकलेली. आता तेल लावावं तर सळईला लागणार, आणि तेलकट सळईला काँक्रीट धरत नाही. तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘हातभर तर आहे. राहू दे.’”

“आणि साचा खोलताना?”

“बाकीच्या फळ्या सुटून आल्या भराभरा. ती एक येईना. कटावणी घातली, ओढली, तर फळी निघाली आणि तिचं कातडं वर राहिलं. आर्किटेक्ट साहेब लालबुंद. तुझे बाबा काय म्हणाले ठाऊक आहे? ‘साहेब, आमचा काय दोष? छपराचाच जीव जडला फळीवर.’ साहेबांना हसू आवरेना. मग कसलं खरवडणं आणि कसलं काय.”

सून दारात येऊन उभी होती. तिनंही ही गोष्ट कैकदा ऐकली होती. ती हळूच म्हणाली, “आई, उद्या मीच बोलू का त्या बाईंशी?”

“नको,” तेलवाली म्हणाली. “मी आहे अजून.”

*

दुसऱ्या दिवशी ती बाकावर जाऊन बसली तेव्हा इंजिनीअरबाई तिची वाटच पाहत होत्या. वयानं फळकूटपेक्षा लहान, चेहरा उन्हानं रापलेला, बोलणं शांत. त्यांनी घोडी बाजूला केली आणि एक छोटी हातोडी तेलवालीपुढं धरली.

“आजी, मी सांगत नाही काही. तुम्हीच वाजवून बघा.”

“मी?”

“मडकं घेताना वाजवून घेता ना? तसं.”

बाईंनी हात दिला. तेलवाली बाकावर चढली. आधी तिनं लांबवर, धडधाकट जागी हातोडी टेकवली. टण्ण. छपरानं स्वच्छ उत्तर दिलं. आवाज पार वरच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आला असं तिला वाटलं. तिनं जरा अलीकडे मारलं. टण्ण. अजून अलीकडे. टण्. मग पापुद्र्याच्या शेजारी.

भद.

तिनं हातोडी मागं घेतली. पुन्हा मारली, हळूच, आजारी माणसाच्या पाठीवर थाप मारावी तशी. भद.

“आतून सुटलंय,” ती म्हणाली.

“हो.”

“कशानं?”

बाई जरा घुटमळल्या. “लाकूड पाणी पितं, आजी. कडेवरून पाऊस येतो, तो लाकडात मुरतो आणि पाठीमागच्या सळईला लागतो. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. इतकी वर्षं ते तिथंच चाललंय. अजून पसरलं तर ही सगळी कड जाईल.”

तेलवालीनं पापुद्र्याकडे पाहिलं. ती ज्याला येऊन येऊन गोंजारत होती, तेच छपराला आतून कुरतडत होतं. बोटांना ते कधी कळलं नाही; आज कानांना कळलं. देवानं माणसाला दोन्ही दिलीत ती उगाच नाही.

“सगळा पापुद्रा काढावा लागेल? थोडा ठेवला तर?”

“थोडा ठेवला तर थोडं पाणी पिईल.”

बाईंनी हे कठोरपणे सांगितलं नाही. सांगताना त्यांचा हात तेलवालीच्या कोपराखाली होता, ती पडू नये म्हणून. तेलवाली खाली उतरली. हातोडी परत दिली.

“काढा,” ती म्हणाली.

*

काढण्याच्या दिवशी सूनही बरोबर आली. आसपास टेकू लावून कड सावरून धरली होती. कामगारानं छन्नी लावली, आणि लाकूड निघालं असंही म्हणवेना. ओल्या चहाच्या चोथ्यासारखं सांडलं. बाईंनी हात पुढं केला, म्हणून त्यातलं चिमूटभर तरी तळहातावर आलं. त्यांनी ते तेलवालीपुढं धरलं.

सुनेनं रुमाल उघडून ठेवला होता. तेलवालीनं चिमूट नाकाशी नेली. लाकडाचा वास नाही, तेलाचा नाही. मातीचा होता. तिनं ती बाकाशेजारच्या कुंडीत टाकली आणि बोटांनी वरची माती सारखी केली.

“आई, ठेवलं असतं की,” सून म्हणाली.

“काय ठेवायचं? होतं ते कधीच गेलेलं. आपणच तेवढं जपत बसलो.”

सुनेनं रुमालाची घडी घातली, पण तो पिशवीत टाकला नाही. सासूच्या हातात दिला. तेलवालीनं त्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, “धूळ फार उडवतात हे लोक.”

*

आजूबाजूचं सुटलेलं काँक्रीटही फोडून काढलं आणि आरपार भोक पडलं. छपरात एवढी खिडकी झाली आणि तिच्यातून आभाळ दिसू लागलं. आता तिथं नवा साचा बसवायचा, त्यावर नवी सळई, आणि वरून काँक्रीट. पण इथंच फळकूटचं अडलं.

त्यानं नेहमीप्रमाणे प्लायवुड आणलं. छपराच्या वळणावर दाबून बसवायला गेला, तर एक कोपरा बसला की दुसरा उठायचा. दुपारी जेवायला म्हणून तो बाकावर आईशेजारी येऊन टेकला.

“हात आहे तोवर गप्प बसतं,” तो वैतागून म्हणाला, “हात काढला की उठतं. शाळेत मी मास्तरांपुढं बसायचो, तसं.”

“तू बसायचास कधी?” तेलवाली म्हणाली.

बाई ऐकत होत्या. त्या आत गेल्या, ग्रंथपालांकडून दोन लाकडी पट्ट्या आणि सुताचं रीळ घेऊन आल्या. दोन्ही पट्ट्यांमध्ये त्यांनी सुताचे धागे शेजारीशेजारी ताणून बांधले. शिडीसारखं काहीतरी झालं, सपाट. एक पट्टी त्यांनी फळकूटच्या हातात दिली.

“धरून ठेवा घट्ट.”

आणि दुसरी पट्टी त्यांनी हलकेच पिळली.

धागे ताठच राहिले. एकही वाकला नाही. पण सगळे मिळून जे झालं ते वळणदार होतं. एकीकडून उतार, दुसरीकडून चढ, मध्ये घोड्याच्या खोगिरासारखा खळगा. अगदी डोक्यावरचं छप्पर, हातात मावेल एवढं.

“प्रत्येक धागा सरळ,” बाई म्हणाल्या, “फक्त शेजारच्यापेक्षा जरासा जास्त कललेला. वाकवायचं काहीच नाही. प्लायवुड सोडून अरुंद फळ्या घ्या.”

फळकूट पट्टी धरून बसला तो बसलाच. जेवणाचा डबा उघडा राहिला. “अरे,” तो एवढंच म्हणाला. मग आईकडे वळला. “बाबांनी असंच केलं होतं?”

तेलवाली धाग्यांकडे बघत होती. “मला त्यातलं काय कळतंय? मी तेल लावणारी. पण रात्री घरी आले की म्हणायचे, ‘आज एक फळी वाकवली नाही, आणि छप्पर वाकलं.’ मला वाटायचं, थट्टा करतात.” थोडं थांबून ती म्हणाली, “माझ्याशी बोलताना थट्टा कुठली आणि खरं कुठलं, ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.”

फळ्या आल्या. करवतीनं नुसत्या चिरलेल्या, रंधा न मारलेल्या, जुन्या ठशांना जुळतील अशा. फळकूटनं आधी त्या पट्ट्यांसारखी पिळदार चौकट बांधली आणि तिच्यावर त्या एकेक करून ठोकल्या. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून तो खिळे मारत होता. त्याच्या बापालाही ती खोड होती. तेलवालीनं ते पाहिलं आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

साचा तयार होऊन व्हरांड्यात दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला गेला. तेल लावायचं, चौघांनी उचलून वर बसवायचा, टेकू ठोकायचे. फळकूट तेलाचा डबा घेऊन आला. आईपुढं ठेवला.

“काय हे?” ती म्हणाली.

“तेल. लावणार कोण? मी? बाबांनी कधी लावलं होतं?”

“माझ्या हाताला कंप आहे आता.”

“कंप असला तर दोनदा लागेल. चांगलंच आहे.”

तिनं डब्याचं झाकण काढून वास घेतला. नाक मुरडलं. “याला वासच नाही. आमचं तेल असं, मी गल्लीच्या तोंडाशी आले तरी कळायचं, तेलवाली आली म्हणून. तुझे बाबा म्हणायचे, अंधारात हिला शोधायला दिवा लागत नाही.”

मग तिनं कापडाचा बोळा केला, तेलात बुडवला, पिळला, आणि पहिल्या फळीवर ठेवला.

हात विसरला नव्हता. तेल फार झालं तर काँक्रीटवर डाग पडतो, कमी झालं तर लाकूड चिकटतं. मधलं प्रमाण बोळ्याला नाही, मनगटाला ठाऊक असतं. फळीच्या रेषांवरून लांब जायचं, गाठीभोवती गोल फिरायचं, दोन फळ्यांच्या फटीत बोटानं कापड दाबायचं. फळ्या एकेक करून काळसर होत गेल्या, चकाकू लागल्या. वरच्या भोकातून त्यांच्यावर ऊन पडलं होतं. साचा उचलणारे चौघे खांबाला टेकून उभे होते. इंजिनीअरबाई आल्या आणि बाकाच्या टोकाला बसल्या. ग्रंथपाल आज कपाटाकडे तोंड करून उभे नव्हते. दारात येऊन सरळ बघत होते.

शेवटच्या फळीची हातभर जागा उरली तेव्हा फळकूट वाकून तिच्या कानाशी म्हणाला, “आई, एवढी सोड की. माझंही एक लाकूड राहू दे वर.”

तो हसत होता, पण नुसता हसत नव्हता. तेलवालीनं ते ओळखलं. थट्टेच्या पाठीमागचं बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

बोळा थांबला. त्या कोरड्या फळीवर मुलाच्या अंगठ्याचा मळकट ठसा होता, खिळा धरताना उमटलेला. मनात आणलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. साचा उचलून वर गेला असता, सळई अंथरली गेली असती, आणि मग हातभर तर आहे, राहू दे. पुढं कधीतरी सून बाकावर चढली असती आणि तिनं बोटं फिरवली असती.

तिनं बोळा पुन्हा तेलात बुडवला.

“तुझं छप्पर राहू दे,” ती म्हणाली. “लाकूड सुटून आलेलं बरं.”

आणि तिनं ती जागा पुसून काढली. अंगठ्याचा ठसा गेला. फळीच्या टोकापर्यंत हात गेला, टोकावरून खाली वळला, तिथली धारही सुटली नाही. मग ती तशीच बसून राहिली, बोळा फळीवर टेकवून, मान किंचित कलती करून. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत कुणीतरी पुस्तकाचं पान उलटलं.

“झालं, आई?” फळकूटनं विचारलं.

“झालं.”

“कुठं राहिलं नाही ना?”

“नाही रे,” ती म्हणाली. “या वेळी कुणी हाक मारली नाही.”

 फळकूटनं तिच्या हातातला बोळा काढून घेतला, चौघांना मानेनं खूण केली, आणि साचा उचलायला स्वतःही वाकला. तेलवाली दोन्ही तेलकट तळवे वर करून, कशाला लागू नयेत अशी, बाकावर बसून राहिली.